संपादकाचार्य बाबूराव विष्णू पराडकर

काशीच्या पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांच्या परिसरात कित्येक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. वेदाध्ययन, पौरोहित्य आणि मराठेशाहीतील धनिकांचा उदार आश्रय यांच्या आधाराने ही वस्ती वाढली. शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेले गागाभट्ट याच काशीकर मराठी विद्वत्परंपरेतील होत. घरात मराठी आणि दारात हिंदी असा दुहेरी संसार करणाऱ्या परप्रांतीय मराठी समाजाने हिंदी वृत्तपत्रसृष्टीला आरंभापासूनच माणसे पुरविली. १८४५ मध्ये निघालेल्या ‘बनारस अखबार’चे संपादन गोविंद रघुनाथ थत्ते यांच्याकडे होते. १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे हेही मराठीच. याच परंपरेत १६ नोव्हेंबर १८८३ रोजी वाराणसीत बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म झाला. हिंदी जगताने पुढे त्यांना संपादकाचार्य म्हणून गौरविले. महाराष्ट्राला मात्र त्यांची ओळख त्या मानाने थोडीच राहिली.

पराडकरांचे चरित्र केवळ एका यशस्वी संपादकाचे चरित्र नव्हे. वृत्तपत्राने एखादा राजकीय पक्ष घ्यावा की नाही, घेतला तर बातमीशी प्रामाणिक कसे राहावे, आणि वृत्तपत्राला असत्याकडे ढकलणारी शक्ती नेमकी कोणती, या प्रश्नांशी त्यांचे सारे आयुष्य जखडलेले होते. हे प्रश्न त्यांना पुस्तकांतून पडलेले नव्हते. तुरुंग, जामिनाच्या रकमा, बंद पडलेला छापखाना आणि मालकाच्या तिजोरीवर चालणारे दैनिक या सर्वांच्या अनुभवातून ते त्यांच्यापुढे उभे राहिले होते.

वडील विष्णुशास्त्री हे संस्कृतज्ञ. त्यामुळे बाबूरावांच्या शिक्षणाचा आरंभ संस्कृतानेच झाला. १९०० मध्ये भागलपूरहून ते मॅट्रिक झाले. परंतु वडिलांचे छत्र हरपल्याने कुटुंबाचा भार कोवळ्या वयातच त्यांच्या खांद्यांवर आला आणि पुढील शिक्षण अपुरे राहिले. १९०६ मध्ये ‘हिंदी बंगवासी’ या साप्ताहिकाचे साहाय्यक संपादक म्हणून ते कलकत्त्यास गेले. अवघ्या सहा महिन्यांत ते पत्र सोडून १९०७ मध्ये त्यांनी ‘हितवार्ता’ साप्ताहिकाची सूत्रे हाती घेतली. त्याच काळात बंगाल नॅशनल कॉलेजात ते हिंदी आणि मराठी शिकवीत असत. वंगभंगविरोधी चळवळीतून १९०६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, बंगाली विद्यार्थ्यांना मराठीचे पाठ देणारा हा तरुण दिवसा अध्यापक होता आणि रात्री संपादक.

कलकत्त्यातील त्यांचे खरे गुरुकुल म्हणजे त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर. देवघरच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील देऊस्कर हे बंगाली भाषेचे नामवंत लेखक आणि पत्रकार होते. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘देशेर कथा’ या त्यांच्या ग्रंथाने इंग्रजी अमदानीतील आर्थिक शोषणाचे चित्र बंगाली वाचकांसमोर मांडले. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील आरोप जळजळीत असले तरी त्यांचा पाया बहुतांशी सरकारी अहवालांतील आकडे आणि अर्थशास्त्रीय ग्रंथांतील पुरावे हा होता. सरकारला त्या आकड्यांचे खंडन करण्यापेक्षा पुस्तकावर बंदी घालणे सोयीचे वाटले आणि १९१० मध्ये ती घातली गेली. पराडकरांनी हा ग्रंथ हिंदीत आणला. लेखकाची बाजू उघड असूनही लेखन प्रामाणिक असू शकते, मात्र त्यासाठी प्रत्येक विधानाखाली तपासता येईल असा आधार हवा, ही गोष्ट या भाषांतराच्या निमित्ताने त्यांच्या लेखणीखालून गेली. पुढील साऱ्या कारकिर्दीत त्यांनी हीच वाट धरली.

तो काळ वृत्तपत्रांच्या कसोटीचा होता. १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने छापखान्यांकडून आणि प्रकाशकांकडून पाचशेपासून हजारो रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार सरकारला दिला. मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती रक्कम जप्त होई आणि पुढच्या वेळी छापखान्यावरच गदा येई. या कायद्याने खोटे लिहिण्याची आज्ञा कोणालाही केली नव्हती. तरी त्याचा परिणाम असत्याच्याच बाजूने होत असे. राज्यकर्त्यांची री ओढणाऱ्या पत्राला जामिनाची भीती नव्हती आणि वस्तुस्थिती छापणाऱ्या पत्राला प्रत्येक अंकागणिक दिवाळखोरीचा धोका होता. अशा परिस्थितीत पुष्कळ संपादक खोटे लिहीत नसत, पण खरे लिहिण्याचेही टाळीत. वाचकाच्या दृष्टीने दोहोंचे फळ एकच होते.

१९११ च्या सुमारास पराडकर अंबिकाप्रसाद वाजपेयी यांच्यासमवेत ‘भारतमित्र’च्या संपादनात सहभागी झाले. हिंदी पत्रकारितेत या पत्राचा लौकिक मोठा होता आणि लवकरच ते दैनिक झाले. पण पराडकर केवळ लेखणी चालविणारे देशभक्त नव्हते. बंगालमधील क्रांतिकारकांशी त्यांचे संबंध होते. १ जुलै १९१६ रोजी त्यांना अटक झाली आणि सुमारे साडेतीन वर्षे ते बंदिवासात व स्थानबद्धतेत राहिले. बातमी देणाराच अशा रीतीने बातमीपासून तोडला गेला.

त्याच काळात, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेतील हत्याकांड घडले. पंजाबात लष्करी कायदा जारी होता आणि बातम्यांवर कडक पहारा होता, त्यामुळे देशाला त्या घटनेचे खरे स्वरूप कळण्यास कित्येक महिने लागले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांनी पंजाबातील दडपशाहीविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा त्यांना त्याच एप्रिल महिन्यात हिंदुस्थानातून हद्दपार करण्यात आले. मृतांचा सरकारी आकडा ३७९ वर थांबला, तर काँग्रेसच्या मते तो हजाराच्या घरात होता. सत्ता जेव्हा बातमीचा उगमच बंद करते, तेव्हा वाचकापुढे सरकारी पत्रक आणि अफवा एवढेच दोन पर्याय उरतात, हे त्या वर्षाने साऱ्या देशाला दाखवून दिले.

१९२० मध्ये सुटका झाल्यावर पराडकर काशीस परतले. तेथे शिवप्रसाद गुप्त हे दानशूर आणि राष्ट्रीय वृत्तीचे धनिक एका मोठ्या संकल्पाची सिद्धता करीत होते. जगप्रवास करून आलेल्या गुप्तांना लंडनच्या ‘टाइम्स’च्या तोलाचे दैनिक हिंदीत निघावे असे वाटत होते. त्यांच्या ज्ञानमंडळ या संस्थेतर्फे ५ सप्टेंबर १९२० रोजी, जन्माष्टमीच्या मुहूर्तावर, ‘आज’ हे दैनिक सुरू झाले. नेमक्या त्याच दिवसांत कलकत्त्यास काँग्रेसचे विशेष अधिवेशन भरले होते आणि असहकाराचा ठराव तेथे संमत होत होता. पुढे मुंबई व महाराष्ट्र राज्याचे राज्यपाल झालेले श्रीप्रकाश हे ‘आज’चे आरंभीचे संपादक होते आणि पराडकर त्यांचे सहकारी. १९२४ मध्ये पराडकर प्रमुख संपादक झाले आणि मधला काही काळ वगळता अखेरपर्यंत ‘आज’ हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

त्या काळी देशी भाषांतील दैनिकाचे कामकाज कसे चाले, हे ध्यानात घेतल्याशिवाय पराडकरांच्या कार्याचे मोल कळत नाही. बाहेरगावच्या आणि परदेशच्या बातम्या प्रामुख्याने रॉयटर आणि तिच्याशी निगडित असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थांच्या तारांमधून इंग्रजीत येत. संपादकीय मंडळी त्या तारा फोडून रातोरात हिंदीत उतरवीत. इंग्रजी तारेत जो शब्द असेल त्यातच बातमीचा कल दडलेला असे. जमलेल्या लोकांना लोकसमुदाय म्हणायचे की दंगेखोर, पोलिसांनी गर्दी पांगविली म्हणायचे की लाठीमार केला, सत्याग्रही पकडले गेले म्हणायचे की उपद्रवी, या निवडीवर वाचकाचे मत ठरत असे. भाषांतर करणाऱ्याने डोळे मिटून शब्दाला शब्द ठेवला, तर राष्ट्रीय पत्रातूनही नकळत राज्यकर्त्यांचा निवाडा छापला जाई. उलट देशप्रेमाच्या भरात त्याने मूळ तारेत नसलेले रंग भरले, तर तीही बातमीशी प्रतारणाच ठरे.

पराडकरांचे भाषाविषयक कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. इंग्रजी ‘मिस्टर’च्या जागी ‘श्री’, अनेक नावांपूर्वी ‘सर्वश्री’, तसेच ‘राष्ट्रपती’, ‘मुद्रास्फीती’ यांसारखे शब्द हिंदी वृत्तपत्रांत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. संस्कृताचा पाया, मराठीचा वारसा आणि बंगालीचा सहवास या तिन्हींचा त्यांना येथे उपयोग झाला. हे शब्द केवळ भाषाशुद्धीच्या हौसेने घडलेले नव्हते. सामान्य वाचकाला अर्थकारण आणि राज्यकारभार त्याच्या स्वतःच्या भाषेत नेमकेपणाने कळावा, अर्धवट कळलेल्या इंग्रजी शब्दाच्या आडून कोणी त्याची फसवणूक करू नये, हा हेतू त्यामागे होता. संदिग्ध शब्द हा अप्रामाणिक बातमीचा सर्वांत जुना आश्रय आहे.

‘आज’ हे तटस्थ पत्र नव्हते आणि तसा त्याने कधी आवही आणला नाही. स्वराज्य हे त्याचे ध्येय होते आणि राष्ट्रीय चळवळ ही त्याची बाजू होती. पत्र विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. पराडकरांची पत्रकारिता समजून घेताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. अग्रलेखात आपली भूमिका उघडपणे मांडणारा संपादक वाचकाला विरोध करण्याची संधी देतो. तीच भूमिका बातमीच्या मथळ्यात, घटनांच्या निवडीत किंवा अर्धी बाजू गाळण्यात लपविली, तर वाचकाला आपल्यावर काही लादले जात आहे याचा पत्ताच लागत नाही. पक्ष असणे हा दोष नव्हे. तो लपविणे हा दोष होय.

१९२५ मध्ये वृंदावन येथे हिंदी साहित्य संमेलनाच्या प्रसंगी हिंदी संपादकांचे पहिले संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद पराडकरांकडे आले. त्या वेळचे त्यांचे भाषण हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात अजरामर झाले आहे. त्या सभेतील अनेक संपादक तुरुंग पाहिलेले, जामिनाच्या रकमा गमावलेले होते. परकी सरकार हा साऱ्यांचा उघड शत्रू होता. पराडकरांनी मात्र त्यांचे लक्ष दुसरीकडे वेधले. त्यांनी भविष्यातील वृत्तपत्रांचे चित्र रेखाटले. ती आकाराने मोठी होतील, त्यांची छपाई सुबक असेल, त्यांत चित्रे आणि विविध विषयांचा मजकूर असेल, त्यांचा खप लाखांवर जाईल. परंतु त्यांत प्राण उरणार नाही, अशी चिंता त्यांनी व्यक्त केली. पत्राचे धोरण देशासाठी आणि मानवतेसाठी झटणाऱ्या संपादकाच्या हाती राहणार नाही. अशा विचारांच्या लेखकांची गणना वेड्यांत होईल आणि संपादकाच्या खुर्चीपर्यंत त्यांना पोहोचताही येणार नाही. गरीब आणि अडचणीत असलेल्या तत्कालीन संपादकांना जे स्वातंत्र्य होते, ते त्या वैभवशाली काळातील संपादकांना लाभणार नाही, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

या इशाऱ्यामागील तर्क साधा आणि कठोर होता. उत्तम कागद, वेगवान यंत्रे, तारांचा खर्च आणि पगारी कर्मचारी यांसाठी मोठे भांडवल लागते. भांडवल आले की ते गुंतविणारा आला, आणि त्याच्यामागोमाग त्याचे हितसंबंधही आले. सरकारी सेन्सॉर दिसतो, त्याच्याशी झगडता येते आणि त्याने केलेली शिक्षा संपादकाची प्रतिष्ठा वाढविते. मालकाच्या मर्जीखातर गाळलेली बातमी कोणालाच दिसत नाही आणि ती गाळणाऱ्यास महिनाअखेर पगार मिळतो. स्वराज्य मिळाले की पहिले बंधन सुटणार होते. दुसरे मात्र स्वराज्यातही राहणार होते आणि कदाचित अधिकच आवळले जाणार होते.

या विवेचनाला आणखी एक धार होती. पराडकर स्वतः एका धनिकाच्या पत्राचे संपादक होते आणि शिवप्रसाद गुप्त हे राष्ट्रीय सभेतील वजनदार गृहस्थही होते. गुप्तांनी ‘आज’ नफ्यासाठी काढले नव्हते, ही काशीची पुण्याई. पण संपादकाचे स्वातंत्र्य एका सज्जन मालकाच्या उदारतेवर अवलंबून असेल, तर त्या सज्जनाच्या पश्चात त्याची शाश्वती कोण देणार, हा प्रश्न पराडकरांच्या स्वतःच्या घरालाही लागू होता. इतरांच्या दारातील धोका दाखविताना त्यांनी आपले दार वगळले नाही, यातच त्यांच्या बोलण्याचे वजन आहे.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला. जामिनाच्या मागणीमुळे ‘आज’चे नियमित प्रकाशन काही काळ थांबले. तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघू लागले आणि त्यामागील प्रमुख लेखणी पराडकरांची होती. छापखाना पोलिसांच्या नजरेत असल्याने चक्रमुद्रणासारख्या साधनांवर प्रती काढल्या जात आणि गल्लीबोळांतून त्या हातोहात पसरत. काशीच्या अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना जोडलेली घरे हा अशा पत्रकाचा मोठाच आधार होता. ‘रणभेरी’ हे वृत्तपत्र असल्याचा दावा करीत नव्हते; त्याच्या नावातच युद्धाची हाक होती. उघड, जबाबदार आणि संपादकाच्या नावानिशी निघणारे पत्र बंद पाडले की भूमिगत पत्रक जन्मास येते, हे सरकारला उमगले नाही. नाव छापून लिहिण्याची सवय असलेल्या संपादकाला निनावी लिहावे लागणे, हीदेखील त्या वटहुकमाने दिलेली एक शिक्षाच होती.

१९३८ मध्ये सिमला येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पराडकरांना लाभले. मातृभाषा मराठी असलेल्या व्यक्तीस हिंदीच्या सर्वोच्च व्यासपीठावर मिळालेला तो मान होता. १९४२ च्या आंदोलनाच्या धामधुमीनंतर, १९४३ मध्ये, ते ‘संसार’ या दैनिकाकडे गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. मधल्या काळात, १९४४ मध्ये, शिवप्रसाद गुप्तांचे निधन झाले. स्वातंत्र्यानंतर पराडकर पुन्हा ‘आज’मध्ये आले. ज्या राष्ट्रीय पक्षाची बाजू त्यांनी आयुष्यभर घेतली तो आता सत्ताधारी झाला होता. पूर्वी त्या पक्षाची पाठराखण करण्यास धैर्य लागे, आता मौन बाळगणेही लाभदायक ठरू शकत होते. पत्राची बाजू तीच राहिली तरी सत्ता पालटली की तिचा अर्थ पालटतो, हे स्वतंत्र भारतातील प्रत्येक जुन्या राष्ट्रीय संपादकापुढील अवघड सत्य होते.

१९५२ मध्ये भारत सरकारने न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला आणि १९५४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांच्या मालकीचे थोड्या हातांत होणारे केंद्रीकरण, संपादकाच्या अधिकाराची झालेली घसरण आणि पत्रकारांच्या सेवाशर्ती यांची चर्चा या आयोगाने केली व वृत्तपत्र परिषद स्थापण्याची शिफारस केली. वृंदावनच्या सभेत एका मराठी माणसाने बोलून दाखविलेली चिंता एकोणतीस वर्षांनी दुसऱ्या मराठी माणसाच्या अध्यक्षतेखालील सरकारी अहवालात नोंदली गेली. त्यानंतर काही महिन्यांतच, १२ जानेवारी १९५५ रोजी, पराडकरांनी काशीतच देह ठेवला.

वाराणसीतील पराडकर स्मृती भवन आज तेथील पत्रकारांचे एकत्र येण्याचे स्थान आहे. आयोगाने सुचविलेली वृत्तपत्र परिषद १९६६ मध्ये १६ नोव्हेंबर या दिवशी कार्यान्वित झाली. म्हणून हा दिवस देशभर राष्ट्रीय पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, आणि योगायोगाने पराडकरांचा जन्मदिवसही तोच आहे. परप्रांतात वाढलेल्या, घरची भाषा जपून भोवतालच्या भाषेची सेवा करणाऱ्या या संपादकाची आठवण मराठी शाळांतील मुलांना त्या दिवशी करून दिली जावी, हे सर्वस्वी उचित ठरेल. त्याच्या जोडीला एखादे वर्तमानपत्र वर्गात नेऊन त्याचा मालक कोण, त्याचे मत कोणते छापले आहे आणि बातमीत काय गाळले आहे, हे शोधण्यास मुलांना शिकविले, तर पराडकरांचे उरलेले काम पुढे चालू राहील.